वाचकांचे प्रश्न : इक्वाडोरच्या डोंगरांतील हवा, पाणी आणि जेवण

मागील अंकात दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोर या देशावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. महाराष्ट्राहून थोडा लहान असलेला हा देश विषुववृत्तावर वसलेला आहे, त्याच्या पश्चिमेस पॅसिफिक महासागराचा किनारा, पूर्वेस ॲमेझॉनचे अरण्य आणि मधोमध अँडीज पर्वताच्या दोन समांतर रांगा आहेत, व त्या रांगांमधल्या उंच खोऱ्यांत फार जुन्या काळापासून दाट वस्ती आहे, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पाण्याविषयीचे उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे. या देशाचे जगणे समजून घ्यायचे तर तोच विषय सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला वाटते, म्हणून ते आखूड केलेले नाही.

प्रश्न (नाशिक) : विषुववृत्तावर बारमाही उकाडा असतो असे आम्ही भूगोलात शिकलो. मग इक्वाडोरच्या राजधानीत लोकांच्या अंगावर लोकरीचे कपडे कसे दिसतात? तेथे ऋतू तरी कोणते असतात?

उत्तर : आपण शिकलात ते बरोबरच आहे, पण ते समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशाला लागू पडते. इक्वाडोरचे मोठे बंदर ग्वायाकिल येथे आपल्या कोकणाची आठवण व्हावी असा दमट उकाडा असतो. राजधानी कितो मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या दीडपटीहूनही अधिक उंच. वर जावे तशी हवा विरळ होते आणि तिचे तापमान दर हजार मीटरला साधारण ५ ते ६ अंशांनी उतरते. उंचावरील विस्तीर्ण खोऱ्यांची जमीन उन्हाने स्वतःही तापत असल्यामुळे प्रत्यक्षातला फरक या हिशेबापेक्षा काहीसा कमी पडतो. कितोचे सरासरी तापमान १४ ते १५ अंश सेल्सियसच्या आसपास राहते.

खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही सरासरी वर्षभर जवळजवळ हलतच नाही. सर्वांत उबदार आणि सर्वांत गार महिन्यांत जेमतेम अंशभराचे अंतर असते, पण एकाच दिवसात पहाटेचे ९-१० अंश आणि दुपारचे २०-२१ अंश असा चढउतार रोज होतो. दिवस आणि रात्र बाराही महिने जवळपास बारा-बारा तासांची असते. सूर्य मार्चच्या आणि सप्टेंबरच्या संपातदिनी भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस मे आणि जुलै महिन्यांत येतात, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे बराच कलतो. कितोमध्ये मात्र वर्षातल्या कोणत्याही दिवशी माध्यान्हीचा सूर्य फारसा खाली उतरत नाही. त्यामुळे आपल्या अर्थाचा उन्हाळा आणि हिवाळा तेथे होत नाही. ऊब हवी असेल तर महिन्यांची वाट न पाहता डोंगर उतरून जावे लागते. कितोहून पश्चिमेला मिंदो या गावाकडे गेलेला माणूस दोन तासांत सुमारे १,२५० मीटर उंचीवरच्या दमट मेघवनात पोहोचतो, तर पूर्वेला ॲमेझॉनकडे निघालेली बस आधी पापायाक्ता येथील ४,००० मीटरहून उंच खिंड ओलांडते, जेथे कधीकधी गारा आणि हिमही पडते, आणि मग तासा-तासाने बदलणाऱ्या वनस्पतींतून खाली उतरत जाते.

ऋतू म्हणाल तर पावसाचे असणे आणि नसणे एवढेच. डोंगराळ भागात साधारण जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे आणि वाऱ्याचे असतात. उर्वरित काळ पावसाचा असतो आणि त्यातही मार्च-एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोर अधिक असतो. सकाळी स्वच्छ ऊन आणि दुपारनंतर सरी हा पावसाळ्यातला नेहमीचा क्रम.

प्रश्न (सोलापूर जिल्हा) : मी शेतकरी आहे. थंडी-उन्हाळा नसेल, तर तेथील शेतकरी पेरणी आणि पीक कशावरून ठरवतो?

उत्तर : पेरणीची वेळ पावसावरून ठरते आणि पीक उंचीवरून ठरते. किनाऱ्याच्या सखल भागात केळी, कोको आणि भात. हजार-दोन हजार मीटरपर्यंतच्या उतारांवर ऊस, संत्री-लिंबे आणि कॉफी. सुमारे २,२०० ते २,९०० मीटरच्या खोऱ्यांत मका व घेवडा. त्याच्याही वर, साडेतीन हजार मीटरपर्यंत, बटाटा, बार्ली, बाकला आणि अँडीजची स्वतःची कंदमुळे अशी सर्वसाधारण मांडणी दिसते. एकाच डोंगराच्या उतारावर इतकी निरनिराळी पिके निघत असल्यामुळे आठवड्याच्या बाजाराला तेथे फार महत्त्व आहे. साकिसिली येथील गुरुवारच्या बाजारात वरच्या गावांतून बटाटे, बार्ली आणि मेंढ्या येतात, खालच्या भागातून केळी, गूळ आणि फळे येतात, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचे हवामान पिशवीत भरून घरी नेतात.

मक्याची पेरणी कोरडे महिने संपून पहिला पाऊस झाला की सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान होते. मक्याच्या ताटांवर घेवड्याचे वेल चढवायचे आणि मधल्या जागेत भोपळा लावायचा, ही मिश्रपिकाची पद्धत आपल्या जिरायती भागातील शेतकऱ्याला परकी वाटणार नाही. घेवड्याच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र आणतात आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल टिकवतात. एवढ्या उंचीवर गारव्यामुळे मका सावकाश वाढतो. कोवळी कणसे वसंतसंपाताच्या सुमारास हाती येतात आणि वाळलेला मका जूनच्या आसपास काढला जातो. जूनमध्ये साजरा होणारा ‘इंती राइमी’ हा सूर्याचा उत्सव म्हणजे सुगीचाही उत्सव आहे. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात घरोघर ‘फानेस्का’ नावाचे दाट सूप होते, त्यात परंपरेने बारा प्रकारचे दाणे व कडधान्ये पडतात. ते वर्षातून त्याच दिवसांत का करतात याचे उत्तर शेतात आहे, कारण मका, घेवडा, वाटाणा व बाकल्याचे ताजे दाणे तेव्हाच एकदम मिळतात.

वरच्या शेतांना खरी भीती असते ती रात्रीच्या हिमकडाक्याची. कोरड्या महिन्यांत आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्रीतून निघून जाते आणि बटाट्याची पाने करपतात. त्यामुळे एकाच कुटुंबाची शेते जमेल तेथे निरनिराळ्या उंचीवर ठेवण्याकडे कल असतो, म्हणजे एका पट्ट्यातले पीक गेले तरी दुसऱ्यातले हाती लागते.

प्रश्न (सातारा) : आमच्या शहराला कास तलावाचे पाणी येते आणि वर कासचे पठार आहे. अँडीजमध्येही डोंगरमाथ्यावर असेच गवताळ पठार असते आणि त्यावर शहरे पाणी पितात असे वाचले. ही दोन्ही सारखी आहेत का?

प्रश्न (पुणे) : अँडीजवरील बर्फ वेगाने वितळत आहे. ते संपले की कितोसारख्या शहरांचे पाणीही संपेल का?

उत्तर : हे दोन्ही प्रश्न एकत्र घेतो, कारण पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर आहे.

अँडीजमध्ये झाडांची रेषा संपते तेथून कायमच्या हिमाच्या रेषेपर्यंत, म्हणजे इक्वाडोरमध्ये साधारण ३,५०० मीटरपासून पुढे, जो ओलसर गवताळ प्रदेश असतो त्याला ‘पारामो’ म्हणतात. गुडघ्याएवढ्या ताठ, पिवळसर गवताचे झुबके, त्यांच्या मुळाशी शेवाळ, अधूनमधून खुरटी झुडपे, आणि उत्तरेकडे कोलंबियाच्या सीमेजवळ एल आंखेल या भागात माणसाच्या उंचीचे, लवदार पानांचे ‘फ्रायलेखोन’. हे सर्व दिवसाचे कितीतरी तास धुक्यात असते. बारीक पाऊस वर्षभर येत राहतो आणि धुक्यातील थेंब गवतावर, पानांवर अडकून जमिनीत उतरतात.

पाणी धरून ठेवण्याचे मुख्य काम मात्र गवताखालची माती करते. ती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली आहे, आणि थंडीमुळे मेलेली पाने व मुळे तिच्यात फार हळू कुजत असल्याने शतकानुशतकांचा सेंद्रिय अंश साठून ती काळीभोर, हलकी आणि अतिशय सच्छिद्र झाली आहे. अशी माती स्वतःच्या वजनाच्या मानाने प्रचंड पाणी शोषते आणि ते झऱ्यांवाटे सावकाश सोडते. त्यामुळे चार महिने पाऊस ओसरला तरी पारामोतून निघणाऱ्या ओढ्यांना पाणी राहते.

कासशी साम्य आहे ते एवढेच की दोन्हीकडे वृक्षहीन माथा खालच्या शहराला पाणी देतो, दोन्हीकडची वनस्पतीसृष्टी इतरत्र न आढळणारी आहे, आणि दोन्ही ठिकाणी ‘ओसाड माळ’ समजून जमीन वापरण्याची चूक सहज होते. कामाची पद्धत मात्र वेगळी आहे. कास सुमारे १,२०० मीटरवर आहे, तेथे जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे, पाऊस चार महिने मुसळधार पडतो आणि उरलेले आठ महिने माथा सुकत जातो. ती माती फार पाणी साठवू शकत नाही, म्हणून तलाव बांधून पाणी अडवावे लागते. पारामोत पाऊस थोडा-थोडा पण सतत येतो आणि मातीच साठवणीचे काम करते. कासची फुले पाऊस संपताना एकदम उमलतात. पारामोत असा एक हंगाम नसतो.

आता बर्फाविषयी. इक्वाडोरमध्ये कायांबे, कोटोपाक्सी, चिंबोरासो अशा मोजक्याच शिखरांवर हिमनद्या आहेत आणि त्या मागे हटत आहेत, हे खरे आहे. चिंबोरासोवरील बर्फ कुऱ्हाडीने फोडून, गवतात गुंडाळून, गाढवांवर लादून रिओबांबाच्या बाजारात विकणारे ‘इएलेरो’ एकेकाळी पुष्कळ होते. त्यांतील शेवटचे म्हणून ओळखले गेलेले बाल्तासार उश्का यांचे २०२४ मध्ये निधन झाले. बर्फ जाणे ही मोठी हानी आहे, आणि उंचावरील काही गावांच्या सिंचनालाही तिची झळ बसते. पण कितोच्या नळांना येणाऱ्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा लहान आहे आणि पारामोचा फार मोठा. म्हणून आपल्या काळजीची दिशा थोडी बदलावी असे मी सुचवीन. बर्फाचे छायाचित्र सर्वांना दिसते, तर नांगरलेला किंवा जाळलेला पारामो छायाचित्रात साध्या शेतासारखाच दिसतो, आणि म्हणून त्याची बातमी होत नाही.

पारामोची हानी तीन-चार मार्गांनी होते. खालच्या खोऱ्यांतील सपाट, सुपीक जमीन वसाहतकाळापासून मोठ्या जमीनदारांकडे गेली आणि आदिवासी शेतकरी वर-वर ढकलला गेला. बटाट्याची शेते पारामोत शिरली ती मुख्यतः यामुळे, आणि त्यासाठी त्या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे. नांगरलेली काळी माती एकदा उन्हात पूर्ण सुकली की तिची पाणी शोषण्याची शक्ती बरीचशी कायमची जाते. कोवळा चारा यावा म्हणून गवताला आग लावली जाते. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गुरामेंढ्यांचे टणक खूर जमीन दाबून टाकतात, तर लामा आणि विकुन्या या मूळच्या प्राण्यांचे तळवे मऊ असल्याने गवताला तेवढी इजा होत नाही. झाडे लावण्याच्या सद्हेतूने पारामोवर परदेशी पाइनची लागवडही झाली, आणि जेथे ती झाली तेथील ओढ्यांचे पाणी लक्षणीय घटले, कारण ही झाडे गवतापेक्षा कितीतरी अधिक पाणी ओढतात. माळावर झाडे लावणे नेहमीच हिताचे असते असे मानणाऱ्या आपल्याकडील संस्थांनी या अनुभवाकडे आवर्जून पाहावे.

उपायही झाले आहेत. कितोमध्ये २००० साली पाण्याच्या रक्षणासाठी ‘फोनाग’ नावाचा कायमस्वरूपी निधी स्थापन झाला आणि शहराच्या पाणीपुरवठा कंपनीच्या उत्पन्नातील २ टक्के रक्कम त्यात जाते. त्यातून पारामोतील जमिनीचे रक्षण होते, पहारेकरी नेमले जातात, वरच्या गावांशी करार होतात. खाली नळ उघडणाऱ्याने वरच्या गवताचा खर्च उचलावा, हे तत्त्व मला अत्यंत न्याय्य वाटते. दक्षिणेकडील क्वेंका शहरात फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकमत घेण्यात आले, आणि शहराला पाणी देणाऱ्या नद्यांच्या उगमक्षेत्रात मोठ्या धातुखाणी नकोत असा कौल सुमारे ८० टक्के मतदारांनी दिला. देशाच्या २००८ च्या संविधानात तर निसर्गालाच हक्क देण्यात आले आहेत, आणि २०२१ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने लोस सेद्रोस या मेघवनातील खाणकामाचे परवाने त्याच आधारावर रोखले.

तरीही संकट टळलेले नाही. २०२४ च्या उत्तरार्धात पडलेल्या तीव्र दुष्काळात पाऊते खोऱ्यातील जलाशय आटले आणि जलविद्युतेवर भिस्त असलेल्या या देशात काही काळ दिवसाला १४ तासांपर्यंत वीज बंद ठेवावी लागली. त्याच काळात कितोभोवतीच्या डोंगरउतारांवर वणवे पेटले. पावसाची तूट पारामो भरून काढू शकत नाही, पण ती किती खोलवर जाणवेल हे पारामो किती शाबूत आहे यावर अवलंबून असते.

प्रश्न (तळेगाव दाभाडे) : आमच्या भागात पॉलिहाउसमध्ये गुलाब होतो. परदेशी बाजारात इक्वाडोरचा गुलाब सर्वांत मोठा का भरतो?

उत्तर : उंची आणि विषुववृत्त यांचा मेळ हे त्याचे कारण. कायांबे आणि ताबाकुंदो येथील बागा २,८०० मीटरच्या आसपास आहेत. वर्षभर बारा तासांचा प्रखर प्रकाश मिळतो आणि रात्री गार असतात, त्यामुळे कळी सावकाश भरते, तिच्यात पाकळ्या अधिक येतात आणि दांडा लांब व जाड होतो. सूर्य बहुतेक काळ डोक्यावर असल्याने दांडा सरळही वाढतो. तळेगावची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि उन्हाळा कडक असतो. तेथे फूल लवकर तयार होते, पण आकाराने लहान राहते. आपल्या गुलाबाची स्पर्धा त्या आकाराशी नसून आखाती देशांसारख्या जवळच्या बाजारपेठांतील ताजेपणाशी आहे, असे माझे मत आहे. कायांबेच्या बागांनी हजारो स्त्रियांना नियमित पगार दिला, पण फवारणीच्या औषधांचा त्रास आणि कालव्याच्या पाण्यावरून शेजारच्या शेतकऱ्यांशी होणारे तंटे हेही त्याच बागांचे वास्तव आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : इतके जागृत ज्वालामुखी असताना लोक त्यांच्या पायथ्याशी का राहतात?

उत्तर : कारण राख हीच त्यांची सुपीक माती आहे, आणि उंच खोऱ्यांत सपाट जागा दुसरीकडे फारशी नाही. तुंगुराउआ १९९९ मध्ये जागृत झाला तेव्हा पायथ्याचे बान्योस गाव सक्तीने रिकामे करण्यात आले, परंतु काही महिन्यांतच लोक आपल्या घरांकडे परतले. कोटोपाक्सीची खरी धास्ती लाव्ह्याची नाही. उष्णतेने वितळलेले हिम राख-दगडांसह नदीपात्रांतून धावत येते, त्याची आहे. १८७७ मध्ये असा लोंढा थेट पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेला होता. आज त्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या गावांतून स्थलांतराचे सराव होतात.

प्रश्न (ठाणे) : माझी मुलगी संशोधनासाठी वर्षभर कितोला जात आहे. ती शाकाहारी आहे. तिने सोबत काय न्यावे आणि कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : प्रथम प्रकृतीविषयी. पोहोचल्यावर पहिले तीन-चार दिवस धावपळ टाळावी, पाणी भरपूर प्यावे, जेवण हलके ठेवावे. जिना चढताना धाप लागणे आणि डोके दुखणे सुरुवातीला स्वाभाविक आहे, पण त्रास वाढत गेला तर डॉक्टरांकडे जावे आणि खालच्या उंचीवर उतरावे. हवा गार असली तरी ऊन अतिशय तीव्र असते, कारण अतिनील किरणे अडवणारा हवेचा थर वर विरळ असतो. ढगाळ दिवशीही टोपी आणि त्वचेला लावण्याचे मलम वापरावे. कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे असावेत. सध्या तेथील काही भागांत गुन्हेगारी टोळ्यांमुळे सुरक्षेची स्थिती बिघडलेली आहे. राहण्याची जागा विद्यापीठाच्या सल्ल्यानेच निवडावी आणि रात्री एकटीने फिरू नये.

जेवणाची आबाळ होणार नाही. बटाटा, दूध आणि चीज घालून केलेले ‘लोक्रो’, बटाट्याच्या टिक्क्या ‘यापिंगाचो’, उकडलेला सोललेला मका, भाजलेल्या मक्याबरोबर खाल्ले जाणारे ‘चोचो’ नावाचे कडधान्य, पिकलेली केळी, ॲव्होकॅडो आणि तऱ्हेतऱ्हेची फळे मुबलक मिळतात. चोचोचा मूळचा कडूपणा काढण्यासाठी ते अनेक दिवस पाण्यात ठेवावे लागते, म्हणून ते बाजारातून तयार भिजवलेलेच घ्यावे. सुपाचा आधार पुष्कळदा मांसाच्या पाण्याचा असतो आणि वर सांगितलेल्या फानेस्कात खारवलेला मासा पडतो, तेव्हा विचारून घेणे बरे. मिरची अमेरिकेच्याच भूमीतून जगभर गेलेली असली तरी रोजचे जेवण मात्र सौम्य असते. तिखट चटणी वेगळी वाढतात.

डाळ आणि राजमा शिजवताना एक अडचण येईल. कितोत पाणी साधारण ९० ते ९१ अंशांनाच उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास ठेवूनही गाठीची राहते. प्रेशर कुकर तेथेही मिळतो आणि घरोघर वापरतात, तरी सवयीचा छोटा कुकर, जादा रबरी रिंग आणि शिट्टी सोबत दिल्यास उत्तम; फक्त नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या अधिक धराव्यात. आपल्या घरचा मिक्सर मात्र देऊ नये. तेथील वीज १२० व्होल्टची आहे आणि पिनाही वेगळ्या आहेत, तेव्हा तो तेथेच विकत घेणे सोयीचे पडेल. चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर आहे. बाजारात मोठ्या नोटा सहसा घेत नाहीत, म्हणून एक, पाच आणि दहाच्या नोटा जवळ ठेवाव्यात.